लिलावातली पेटी

आई गेल्यावर बाबांना मी सांगलीहून मोहालीला घेऊन आले, पण ते इथे राहतील याची मला खात्री नव्हती. दिवसभर बाल्कनीत बसून ते खालच्या गाड्या बघायचे आणि संध्याकाळी "तुझ्या घरी सगळं छान आहे गं," असं पाहुण्यासारखं म्हणायचे. आई गायची आणि बाबा पेटीची साथ करायचे. घर बंद करताना ती पेटी त्यांनी भजनी मंडळाला देऊन टाकली होती. इथे पेटी आली तर ते रमतील, नाहीतर दिवाळीनंतर परत जातील, अशी धास्ती मी घेतली होती.

नवी पेटी त्यांना नको होती, मुरलेल्या लाकडाची हवी होती. म्हणून मी जुन्या वस्तूंचे ऑनलाइन लिलाव धुंडाळायला लागले आणि तिथे मला पेटी विकणारा 'तो' भेटला. फोटोतली पेटी चकचकीत होती आणि निरोप चक्क मराठीत. ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या, असं त्याने विचारलं आणि मी विरघळले.

इथे मराठी कानावर पडलं की आमचं असंच होतं. एकदा सेक्टरातल्या भाजी बाजारात मागून कुणीतरी "अगं, कोथिंबीर राहिली" म्हणालं, तर त्या अनोळखी बाईंना मी पिशव्यांसकट घरी चहाला आणलं होतं. ऑफिसात माझं कामच मुळी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. पण या माणसाने 'तुम्ही आपलं माणूस, लिलावातून काढून तुम्हालाच देतो, फक्त पैसे साइटच्या बाहेरून पाठवा' म्हटल्यावर मला त्यात आपुलकीच दिसली. पेटी वाजवून दाखवा म्हणायचीसुद्धा मला लाज वाटत होती.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते भेंडी चिरत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भेंडी शेंडा मोडून बघितल्याशिवाय घेतेस का कधी? भाजीवाल्याला राग येतो का?"

मग मी चाचरत पेटी वाजवतानाचा व्हिडिओ मागितला, आणि शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवायला सांगितलं. आधी तो रुसला, मग वर्तमानपत्र नसलेला एक व्हिडिओ पाठवला. त्यात डावा हात पेटीमागच्या भात्यावर होता आणि सूर गोड होते. मी खूश झाले. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "सूर चाललेत, पण भाता हलत नाहीये. हवेशिवाय वाजणारी पेटी मी अजून पाहिली नाही."

तोवर माझ्या लेकीने लिलावातला फोटो नेटवर शोधायला टाकला होता. भलत्याच शहरातल्या एका दुकानाच्या पानावर तीच पेटी निघाली. "मम्मी, आप भी ना," एवढंच ती म्हणाली. त्याला जाब विचारेपर्यंत तो गायब झाला होता. पैसे वाचले, पण आपल्या भाषेत कुणी फसवायला निघालं याचं मला खरंच वाईट वाटलं. दोन दिवस मी सगळ्यांवर डाफरत होते.

दुसरी पेटी चंडीगडमधलीच निघाली. विकणारे एक म्हातारे सरदारजी होते. पेटीची एक पट्टी अडकते आणि भात्याला ठिगळ आहे, हे त्यांनी स्वतःच फोटोसकट लिहिलं होतं. मी मागायच्या आत पंजाबी वर्तमानपत्र शेजारी ठेवून त्यांनी व्हिडिओ पाठवला. या वेळी भाता हलत होता. बोली कुठे थांबवायची ते मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. माझ्यावर बोली चढवणारा माणूस त्या आकड्याच्या थोडंसं अलीकडेच थांबला आणि पेटी मला मिळाली. सरदारजींनी कळवलं, आधी घरी येऊन सगळं तपासा, पसंत पडली तरच साइटवरून पैसे द्या.

रविवारी आम्ही तिघं गेलो. काय काय तपासायचं त्याची यादी मी फोनमध्ये करून नेली होती. बाबा मांडी घालून बसले, भात्याला कान लावला, डावीकडून एकेक पट्टी दाबत अर्ध्यापर्यंत आले आणि तिथे त्यांचा हात रेंगाळला. मग तो हात यादी सोडून भलतीकडेच वळला. आई रोज सकाळी म्हणायची तो अभंग होता. बाबा वाजवत होते आणि हलकेच गातही होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अभंग संपल्यावर सरदारजी म्हणाले, "सब ठीक है जी?"

लेकीने यादी वाचली. "आजोबा, वो अटकने वाली तो आपने चेक ही नहीं की."

बाबांनी भाता मिटला, कडी लावली आणि पेटी मांडीवर ओढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "ती पट्टी आपल्या घरी गेल्यावर सावकाश दुरुस्त करीन."