मास्तर आणि पासवर्ड

गॅसवर दूध, हातात अर्धा भरलेला डबा, मोजा सापडत नाही म्हणून आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलेलं, आणि तेवढ्यात दारावर टकटक. "मास्तर आले," हे आतूनच म्हणाले, "आता दूध उतू जाणार."

मास्तर म्हणजे शेजारचे शिंपी. निम्म्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे आहेत. आजारपणानंतर हात थरथरू लागले, कात्री सुटली. जीभ मात्र थरथरत नाही, असं तेच सांगतात. म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून ते लांबलांबच्या मुलींना कपडा बेतायला शिकवतात. दोघींनी तर स्वतःची दुकानंही थाटली. अडतं ते पासवर्डपाशी. परगावी जाताना लेकीने घालून दिलेला. मास्तरांचं बोट एकच अक्षर दोनदा दाबतं आणि पडद्यावर नुसते ठिपके. चूक दिसणार कशी? मग माझं दार.

त्या दिवशी डबा भरून मी पोचेपर्यंत मुली वाट बघून निघून गेल्या होत्या. मास्तर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे असेल तर तो मालक कसला?"

मला ते लागलं. दुपारी त्यांच्याकडे गेले आणि पासवर्डच काढून टाकू का, हे विचारायला आधी लेकीला फोन लावला. कुणीही उघडेल, ही तिची धास्ती. त्यावर मास्तर म्हणाले, "घराला कुलूप आहे आणि आत चोरण्यासारखी फक्त माझी बडबड आहे." ती हसली, हो म्हणाली. मी सेटिंगमध्ये त्यांचं खातं उघडलं, पासवर्ड टाकला, आपोआप लॉगिन चालू केलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर थेट त्यांचा पडदा. मास्तर खुर्चीत ताठ झाले.

खुशीत तेच चहा करायला उठले. कप घेऊन येतात तो पडदा काळा, आणि माउस हलवला तर पुन्हा पासवर्ड.

"उसवलं," मास्तर म्हणाले.

मशीन लावताना पडणारं कुलूप निघालं होतं. थोडा वेळ हात लागला नाही की पडणारं वेगळंच होतं. तेही काढलं. मग मास्तरांनी मला बाजूला सारून बटण स्वतः दाबलं आणि दोन्ही हात मुद्दाम मांडीवर ठेवून बसून राहिले. चहा निवला, पडदा काही झाकला नाही. नव्या सदऱ्याची फिटिंग न्याहाळावी तसे ते त्याच्याकडे बघत होते.

निघताना त्यांनी मला थांबवलं.

"उद्या वर्गाला या, वहिनी. मागे स्टुलावर बसा आणि कशालाही हात लावू नका."