पानावरचा पहिला मध

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्टात होते, आणि समोरचे वकील बोलतच राहिले होते... माझा थोरला भाऊ, वकिलीतला माझा गुरू. आता महिना उलटून गेला. चांगलं जगले, झोपेतच गेले. रडू आलं की वाटतं, आतून हाक येईल, "स्वल्प थांब, जरासं, आधी कॉफी टाक."

त्यांची आठवण काढायची तर मधापासूनच काढावी लागते. भाषेप्रमाणे राज्यांची फेरवाटणी झाली तेव्हा डोंगराचा एक पट्टा पलीकडच्या प्रांतातून आमच्या राज्यात आला. तिथली मध काढणारी आदिवासी मंडळी जुन्या राजाशी झालेल्या कराराच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या कडे चढत होती. करार कागदावर नव्हता. दर हंगामात राजाचा माणूस येऊन पानावरचा पहिला मध चाखायचा. चाखला म्हणजे यंदाही कडे त्यांचे. आता जंगलखात्याने वाट अडवली. राजा गेला, प्रांत बदलला, तेव्हा करारही संपला, असं खात्याचं म्हणणं. कड्यांवाचून त्या लोकांना पोटापाण्याचं दुसरं साधन नव्हतं.

त्यांचा म्होरक्या मादय्या राजाजीनगरच्या आमच्या घरी आला आणि त्याने अण्णांपुढे मधाचं पान धरलं. अण्णा गोडाचे असे लोभी, की रीत कळायच्या आत बोट चाटून मोकळे. मादय्या शांतपणे म्हणाला, "सरी, ठरलं. आता शब्द तुमचा."

"अण्णा, खटला ऐकायच्या आधीच हो म्हणालात?" मी विचारलं.

"गोड होता गं," एवढंच उत्तर.

पण त्या फजितीतच त्यांना वाट सापडली. आपण चाखला, तर दौऱ्यावर गेलेल्या साहेबानेही चाखला असेल... कोर्टात त्यांनी वनअधिकाऱ्याला विचारलं, "मुलूख आपल्याकडे आल्यावर तुम्ही तिथे मध खाल्लात?"

"हो. पानावर दिला होता. उत्तम होता."

"तुमच्या आधी कुणी चाखला?"

"नाही. पहिला मान मलाच दिला."

मग अण्णांनी रीत सांगितली. मुलूख घेतला, मध घेतला, मग शब्द तेवढा पलीकडे कसा राहील? साहेबांना रीत ठाऊक नव्हती, असं सरकारी वकील म्हणाले. "ठाऊक करून घ्यायला हवी होती," न्यायाधीश म्हणाले, आणि कडे मंडळींकडे राहिले. त्या दिवशी आम्ही भाऊ-बहीण घरापर्यंत हसत चालत आलो. पुढे दर हंगामात मादय्या यायचा, अण्णा मिशा चिकट करून घ्यायचे आणि वर्षभराची वकिली पुन्हा अंगावर घ्यायचे.

परवा मादय्या आला. अण्णा गेल्याचं त्याला दारातच कळलं. आत येऊन तो अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "अक्का, जंगलखात्याने वाटेवर पुन्हा फाटक बसवलंय." हातात पान होतं, पण ते त्याने पुढे केलं नाही.

मला मध आवडत नाही. आणि अण्णांसारखी मी अजाणही नव्हते. मी अण्णांच्या खुर्चीत बसले, त्याच्या हातातलं पान जवळ ओढलं आणि बोट चाटलं.

"सरी," मादय्या म्हणाला, आणि खाली बसून फाटकाची हकिगत सांगू लागला.