आत्या आधी विचारते

माझी आत्या लॅबमध्ये रक्त काढते. ज्या मुलांची मान, खांदे आपोआप उडतात, त्यांच्या रक्तात आजाराची काही खूण सापडते का, हे तिथले डॉक्टर शोधतायत. काल एक सात वर्षांची मुलगी आली. आत्याकडे यायच्या आधीच दोनदा सुई हुकलेली, हात काळानिळा.

"अगं, हलू नकोस ना!" तिची आई ओरडली.

"ताई, हलू द्या तिला," आत्या म्हणाली. "बाळा, झटका यायच्या आधी कळतं ना तुला? तेवढं सांग."

"येतोय!"

खांदा उडाला. आत्याने तो थांबू दिला, मग अलगद सुई टोचली. झालंसुद्धा!

आईचे डोळे भरून आले. "आधी कळतं, हे मला कधी सांगितलं नाहीस गं?"

"तू विचारलंच नाहीस."