एकट्या पायपरचा मान

पलटणीत मी बॅगपाइप वाजवायचो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि दुबईत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. डंकन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने अल बर्शातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बँड सुरू केला, तेव्हा आम्ही तिघेच होतो. पुढे नर्सेस आल्या, अकाउंटंट आले. रत्नागिरीचा सलीम मुकादम आला. तो टायर विकतो. त्याला पाइप धरायला मी शिकवलं.

दर नोव्हेंबरात बँड शहिदांना मानवंदना देतो. एकटा पायपर पुढे येतो, एका शहिदाचं नाव घेतो आणि शोकधून वाजवतो. हा मान माझा होता. नाव दत्तू घाडगेचं.

पलटणीत बँडवाले लढाईत स्ट्रेचर उचलतात. त्या दिवशी रेडिओवर आलं, "वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो." आम्ही धावलो. पडलेला दत्तू होता, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. डोंगरावरून खाली आणेपर्यंत तो गेला.

गेल्या वर्षी त्याचं नाव घेतलं आणि माझा श्वास अडकला. धून अर्धी राहिली. यंदा डंकन म्हणाला, "धिस इयर, सलीम. सॉरी, हवालदार."

"राइट, सर."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याने कधी वर्दी घातली नाही तो टायरवाला माझ्या जागी! त्यात तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. हे जास्त झोंबत होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी सलीम हॉलमध्ये एसीखाली पाइप सुरात लावत होता. एसीत जुळवलेला सूर उन्हात गेला की चढतो. नवखे हमखास ही चूक करतात. मी गप्प बसलो. होऊ दे फजिती.

तो जवळ आला. "हवालदारसाब, माझ्या घरात फौजी कोणी नाही. दत्तूभाईंचंच नाव घेऊ का?"

दत्तू माझा. त्याचं नावसुद्धा याला द्यायचं? पण दत्तूच्या नावामागून बेसूर धून मला सोसली नसती.

"घे. पूर्ण घे. सिपाही दत्तू घाडगे. आणि यल्ला, बाहेर चल. पाइप उन्हात परत लाव."

"इतका फरक पडतो, साब?"

"पडतो."

मैदानात सलीम पुढे गेला. नाव खणखणीत घेतलं. धून शेवटपर्यंत वाजवली, एकही सूर हलला नाही. मी रांगेत जळत उभा होतो.

वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पाइपवर अडकलेले असतात. इतकी वर्षं मी दत्तूसाठी वाजवत आलो, त्याला सॅल्यूट कधीच करता आला नव्हता. त्या दिवशी पाइप डाव्या काखेत होता. मी सॅल्यूट केला.