रिकाम्या चौकटीतलं शून्य

उल्हासनगरला आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि खालचे दोन मजले जीन्स शिवणाऱ्यांचे. दिवसभर खाली शिलाई मशीन चालायच्या आणि वर माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत राहायचा. बदलापूरहून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा मला वेबसाइटची पानं बनवता येत होती, बाकी काही नाही. तोरा मात्र भरपूर होता. तो दादाने उतरवला.

दादा म्हणजे आमचा टीम लीडर. बारवी धरणाकडच्या गावातला, घरची भातशेती, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. ऑफिसात सगळे त्याला सर म्हणायचे. मी पहिल्याच आठवड्यात दादा म्हणायला लागले आणि दिवाळीनंतर त्याच्या घरचे नवे तांदूळ आमच्या घरी येऊ लागले. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत असे. आता लिहिताना अरे-तुरेवर आले आहे, ते मुद्दाम.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथल्या प्रयोगशाळेत एक बाई रोज कारखान्याचं सांडपाणी तपासायच्या आणि त्यात तेल किती, गाळ किती हे रजिस्टरमध्ये लिहायच्या. ते रजिस्टर बंद करून आकडे डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि त्यावरून महिन्याचा अहवाल काढायचा, एवढंच काम. अडचण अशी की प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर जुनापुराणा होता आणि तो बदलायची मालकांची तयारी नव्हती. त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेत या डेटाबेससाठी ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नव्हता. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा. तो आपणच लिहायचा, असं दादाने ठरवलं, आणि "लिही तू" म्हणून माझ्यापुढे टाकलं.

हा डेटाबेस अक्षरांत बोलत नाही. त्याच्याकडून येतात ते नुसते बाइट, एकामागोमाग एक, मध्ये मोकळी जागा नाही की ओळ संपल्याची खूण नाही. कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं हे मोजूनच कळायचं. मी पहिले चार दिवस स्क्रीनकडे बघून डोळे लाल करून घेतले. पाचव्या दिवशी दादाने शाळेत वापरतात तशी आलेखाची वही आणून दिली. म्हणाला, "एका चौकटीत एक बाइट. पेनाने लिही. हाताला कळलं की डोक्याला कळतं."

मग आम्ही दोघं तसंच करू लागलो. निरोपाचा प्रकार सांगणारा पहिला बाइट निळ्या पेनाने, पुढचे चार बाइट लांबी सांगणारे म्हणून हिरव्या, मग मजकूर पेन्सिलीने. दादा चूक दाखवायचा ती लाल पेनाने. लाल पेन फक्त त्याच्याकडे असायचं.

माझी पहिली मोठी चूक लांबीचीच होती. ड्रायव्हर लॉगिन करायचा आणि गप्प बसायचा, चार-चार मिनिटं. दोन दिवस मी डेटाबेसला शिव्या दिल्या. दादाने वही बघितली आणि मला खालच्या मजल्यावर नेलं. तिथे जीन्सच्या कापलेल्या पायांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर नग लिहिलेली चिठ्ठी. "हितं चिठ्ठी मोजत नाय," तो म्हणाला. "आपला डेटाबेस चिठ्ठीसकट मोजतो. तू चिठ्ठी सोडून मोजतेस आनि मग चार नग जास्तीचे येतील म्हनून वाट बघत बसतेस." लांबीचे चार बाइट त्या लांबीतच धरलेले होते. वर येऊन एक ओळ बदलली आणि ड्रायव्हर बोलू लागला. त्या दिवशी मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की घरी आईला मी ती चिठ्ठीची गोष्ट दोनदा सांगितली.

हे एवढं सांगायचं कारण, त्याला यातलं किती कळत होतं हे लक्षात राहावं.

काम दाखवायचा दिवस उद्यावर आला आणि अहवाल कोसळू लागला. कारण साधं होतं. बाईंनी एखादा आकडा भरलाच नाही, तर डेटाबेस त्या जागी काहीच पाठवत नाही. लांबीच्या चार बाइटांत उणे एक येतं, म्हणजे चारही चौकटींत एफएफ, बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा, आणि पुढे मजकुराचा एकही बाइट नाही. याचा अर्थ 'माहीत नाही'. सरासरी काढणारा आमचा जुना प्रोग्रॅम 'माहीत नाही' समोर आलं की जागीच मरायचा.

"ड्रायव्हरमध्येच शून्य करून टाक," दादा म्हणाला.

"दादा, रिकामं म्हणजे शून्य नाही. तेल मोजलंच नाही आणि तेल अजिबात नाही, यात फरक आहे."

"ते मला सांगतेस? उद्याचं निभावू दे, मग नीट करू." त्याने वही ओढली, चार एफएफच्या चौकटींपुढे लाल पेनाने बाण काढला आणि ठळक शून्य लिहिलं. "घाबरतेस काय? काय झालं तर मी हाय ना."

मी तसं केलं. त्या ओळीवर टीप लिहिली की हे तात्पुरतं आहे आणि दादांनी सांगितलं म्हणून केलं आहे. त्याने माझ्या खांद्यावरून ती वाचली. "क्लायंटला सोर्स कोड द्यायचाय गं, असलं घरचं काय लिवतेस त्यात?" मी टीप काढून टाकली. त्यात वाईट वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही. आमच्या ऑफिसात सगळंच तोंडी चालायचं. जिन्यात, चहाच्या टपरीवर, जाता-येता. शब्द दिला म्हणजे दिला. ईमेल करून घेणारा माणूस तिथे संशयी ठरायचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दादाने दीड तास 'आमचा ड्रायव्हर' कसा बनला ते सांगितलं. बाइट, लांबी, चिठ्ठीची गोष्टसुद्धा. लोक खूश झाले. मीही. मग दुसरं काम आलं, 'मग नीट करू' राहून गेलं. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही, हा माझा गुन्हा.

चारेक महिन्यांनी कारखान्यातून बोलावणं आलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने अहवालात बोट ठेवलं होतं: सलग तीन दिवस सांडपाण्यात तेल शून्य. रसायनांच्या कारखान्यात असं होत नाही. अर्थ एकच काढला गेला, की बाईंनी घरबसल्या आकडे ठोकले. त्यांना घरी बसवायचं जवळपास ठरलं होतं. बारा वर्षांची नोकरी. बाई मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मी शून्य लिहिलेलंच नाही," त्या सांगत होत्या. "तेल मोजायचं मशीन भलते आकडे दाखवत होतं, म्हणून मी रिकामं सोडलं. पहिल्यापासून माझी तीच पद्धत आहे." पण दाखवायला रजिस्टर कुठे होतं? ते आम्हीच बंद केलं होतं.

मी कारखान्याच्या मॅनेजरांच्या कॉम्प्युटरवर डेटाबेसचं स्वतःचं टूल उघडलं, आमचा ड्रायव्हर मध्ये न घेता, आणि ते तीन दिवस काढून दाखवले. तिन्ही जागा रिकाम्या. बाई खरं बोलत होत्या आणि डेटाबेसनेही खरंच सांभाळून ठेवलं होतं. खोटं बोलत होतं ते मधलं.

"मग शून्य केलं कोणी?" मॅनेजरांनी विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. त्याने बोलावं म्हणून थांबले. खरंच वाटत होतं की तो बोलेल.

"ड्रायव्हर पूर्ण हिनेच लिहिलाय," तो शांतपणे म्हणाला, माझ्याकडे न बघता. "मला त्या बायनरीतलं काही कळत नाही."

चूक माझ्यावर ढकलली असती तर मी समजून घेतलं असतं. ऑफिसच्या शेठची भीती असते, घर असतं. पण काही कळत नाही? ज्याने मला जिना उतरून गठ्ठ्याची चिठ्ठी दाखवली, तो? याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि तेही इतक्या मऊ आवाजात.

वही माझ्या बॅगेत होती. समजावून सांगायला लागेल म्हणून आणली होती. ते पान उघडून मी टेबलावर ठेवलं, चार एफएफ दाखवले, रिकामं कसं येतं आणि मी त्याचं शून्य कसं केलं ते सांगितलं. लाल शून्यावर माझा तळहात होता. तो मी का ठेवला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सवय म्हणा. दादा म्हणून हाक मारलेल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायची सवय नव्हती.

बाईंची नोकरी राहिली. बाहेर व्हरांड्यात मी त्यांची माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "मी रिकामं सोडायची हिंमत करते, मॅडम. तुम्ही ते भरलंत कशाला?" माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी रजिस्टर सोडून दिलं होतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो. दादा जवळ आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"ती वही दे ना माझ्याकडे," तो म्हणाला. "राहू दे आठवण."

म्हणजे तळहाताखाली काय होतं ते त्याला पूर्ण वेळ माहीत होतं. मी कंपाउंडच्या कठड्यावर वही ठेवली, ते पान शिवणीपासून नीट फाडलं आणि त्याच्या हातात दिलं. वही दिली नाही. त्याने पानाकडे पाहिलंही नाही. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"दुसरीकडं कुठं लिवलं नाय ना?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.