अप्पारावांची थप्पी

अठरा वर्षं मी परभणीच्या कॉलेजात लेखापरीक्षण शिकवते आणि अठरा वर्षांत एकही गोदाम पाहिलं नव्हतं. पुस्तकातलं फळ्यावर, फळ्यावरचं वहीत, वहीतलं उत्तरपत्रिकेत. सगळे पास. त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना वर्गात शिकवायला बोलवा असं फर्मान निघालं, तेव्हा मला आधी रागच आला. आणि आले कोण, तर अप्पाराव.

अप्पाराव मूळचे पोखर्णीचे. सव्वीस वर्षं सीए म्हणून काम, खिशाला हिरव्या शाईचं पेन. 'अप्पारावांची सही हाय' एवढ्यावर जिल्ह्यातल्या कितीतरी संस्था निर्धास्त असायच्या. दर बुधवारी ते यायचे, खडूला हात न लावता बोलायचे, आणि त्यांचं पालुपद एकच. "जे डोळ्यांनी बघितलं न्हाई, त्याच्यावर सही करायची न्हाई." मला त्याचा वीट आला होता. पोरं मात्र ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून बसली होती.

एकतीस मार्चला दुपारी त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या अकरा जणांना एका संस्थेच्या गोदामात नेलं. मीही गेले, पदर खोचून. या संस्थेचं ऑडिट चार वर्षं अप्पारावच करत होते. पत्र्याखाली जीव उकडत होता. हरभऱ्याच्या पोत्यांच्या सहा थप्प्या उभ्या होत्या, वरून ताडपत्रीनं झाकलेल्या. अप्पारावांनी रीत दाखवली. लांबीला किती पोती, रुंदीला किती, थर किती; करा गुणाकार. पोरांनी भराभरा पाच थप्प्या उरकल्या. सहावी अठरा, बारा आणि दहा थर. दोन हजार एकशे साठ.

वैष्णवी लिहीना. ती चुडाव्याहून रोज रेल्वेनं येते, वडील हमाली करतात. थप्पीच्या कोपऱ्याला हात लावून ती म्हणाली, "सर, ही थप्पी आतल्या अंगाला झुकायलीय. मधी भरीव असली तर अशी झुकत न्हाई. वर चढून बघू का?"

गोदामाचे व्यवस्थापक बन्सीधर पुढं आले. "पोरीच्या जातीनं कशाला चढायचं? पडली तर जबाबदार कोण?" मग अप्पारावांकडं वळून, अगदी गोडीत, "सर, चार वर्षं तुमी असंच मोजलंय. तुमच्या सह्या हायत. आजच काय नवीन निघालं?"

अप्पारावांच्या काखेत मागच्या वर्षांची फाइल होती, त्यांच्याच हिरव्या सह्यांची. वर काही निघालं, तर त्या चारही सह्यांवर बोट ठेवलं जाणार होतं. सव्वीस वर्षांचं नाव जाणार होतं, तेही अकरा पोरांसमोर. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, वेळ झाला. आणि खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

"चढ," ते म्हणाले. "जपून. कडेकडेनं जा."

हमाल पोत्यांच्या कोपऱ्यात पाय रोवून चढतात, तशी ती चढली. ताडपत्री सरकल्याचा आवाज आला. बन्सीधर दाराकडं बघायला लागले.

"सर, मधी फळ्या टाकल्यात," वरून आवाज आला. "फळ्यांखाली पोती न्हाईत. पार जमीन दिसायलीय. आठ पोती लांब, चार पोती रुंद खड्डा हाय."

दहा थरांची तीनशे वीस पोती. हिशेब पोरांनी मनातच केला.

वैष्णवी धुळीनं माखून खाली आली, तेव्हा अप्पारावांनी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून घेतलं होतं. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं आणि मोजणीचा कागद पुढं केला. "लिही. सहावी थप्पी मधून पोकळ, तीनशे वीस पोती कमी. खाली लिही, मागची चार वर्षं लेखापरीक्षक थप्पीवर चढला न्हाई. तवा ती भरीव होती का पोकळ, त्याला ठाऊक न्हाई."

पहिली ओळ तिनं लिहिली. दुसरीला पेन थांबलं. तिचे डोळे भरले होते. "सर, हे राहू द्या की. तुमी तर आमाला शिकवायला आलात."

"म्हणूनच लिही."

तिनं लिहिलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि खाली सही केली. त्या माणसावर मी वर्षभर चिडत आले होते, त्याची मला तिथंच लाज वाटली.

गाडीकडं जाताना वैष्णवीनं हळूच विचारलं, "सर, मी चढले नसते तर?"

"तर आजबी मी गुणाकार करून सही केली असती," अप्पाराव म्हणाले, आणि काखेतली जुनी फाइल त्यांनी तिच्याकडं धरायला दिली.