मास्तर तोंड पुसायचे ती जागा

दस्तगीरमास्तर गेल्याचा फोन आला तवा माझ्या तोंडात ट्रंपेट हुतं आन म्होरं नवरा घोड्यावर हुता. खिशात फोन थरथरत हुता. मला वाटलं बायको आसंल, येताना कोथिंबीर आना म्हनायला. म्हनून दोन-तीनदा तसाच थरथरू दिला. मग कडवं संपलं, नुसता ढोल चालू झाला, तेवढ्यात काढून बगितला तर मास्तरांच्या घरचा नंबर. मास्तरांची बायको, आमची चाची, येवढंच बोलली, "नामा, मास्तर गेलं रं." आन म्होरं पोरं नाचत हुती, कुनीतरी माझ्या टोपीवर गुलाल टाकला... मांडव अजून दोनशे पावलं लांब. आमच्या ब्यांडचा येक नेम हाय, मास्तरांनीच घातलेला. नवरा दारात पोचंस्तवर वाजा थांबत न्हाई. ढोल फुटू दे, वळीव येऊ दे, वाजा थांबत न्हाई. ढोलवाल्या संभानं मानंनंच इचारलं, कोन? म्या म्हनलो, "कोथिंबीर." आन फुकाय लागलो. डोळ्यातनं पानी गळत हुतं तर नवरीचा मामा म्हनतोय, "लय घाम आलाय रं ह्येला, ताक द्या कुनीतरी." मांडव आल्यावर म्या संभाला खरं सांगितलं. संभा ढोल गळ्यात घेऊनच खाली बसला.

कपडं बदलायला येळ नव्हता. माती असरच्या, म्हंजे दुपार कलल्यावरच्या, नमाजीनंतर हुती, आमी टेंपोत बसून तसंच गाव गाठलं. इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव, कबरस्तान वड्याच्या कडंला. सगळी मानसं साध्या कपड्यात, डोक्याला रुमाल, आन मदी मी, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीत गुलाल. मला लय लाज वाटली. कोट काढला तर आत बनेल, त्येला पाठीवर हे येवढं भोक. पुन्यांदा कोट घातला. मास्तरांचा थोरला भाऊ बगत हुता. जवळ येऊन म्हनला, "ऱ्हाऊ दे अंगावर. त्येनंच दिलाय न्हवं?" मूठभर माती टाकताना झालरीची दोन सोनेरी दोरकं तुटून खाली पडली. ती म्या उचलली न्हाईत.

मी तिसरी नापास मानूस. हे बी मी बोलतोय आन माझी पोरगी लिवून घेतीया, मदीमदी मला दामटती बी, "आबा, हळू." मास्तरांकडं मी वाजवायला म्हनून गेलोच नव्हतो. कुनाच्या तरी वरातीत नाचत हुतो, अंगात आल्यासारखा. पाय सटकला आन मोठ्या ढोलावर पडलो. ढोल फाटला. मला वाटलं आता ही सगळी मिळून मला बडवत्यात. मास्तर क्लॅरनेट खाली करून म्हनले, "तुला नाचाय येत न्हाई गड्या, पन पडलास त्यो बरोबर तालात पडलास. उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेलो तर माझ्या हातात खुळखुळा दिला. सात वर्सं म्या खुळखुळा हलवला. गावात कुनी इचारलं तर छाती काढून सांगायचो, मी ब्यांडवाला हाय. "काय वाजवतोस?" म्हनलं की मला खोकला यायचा.

मग ट्रंपेट हातात आलं. मास्तरांनीच शिकवलं, घराच्या वट्यावर बसवून, रोज सकाळी. सगळं जमलं, येक जागा सोडून. मांडव जवळ आला की वाजवायची आमची येक ठरलेली चाल हाय. तिच्या दुसऱ्या कडव्यात येक लांब सूर येतो, लय वर, लय लांब, पोटातलं सगळं वारं मागनारा. पयल्या पाच-सहा लग्नात त्या जागी मी ट्रंपेट तोंडाला नुसतं लावून गाल फुगवायचो, आवाज काढतच नव्हतो. मास्तरांची क्लॅरनेट सूर भरायची, मी फुगलेलं तोंड दाखवायचो.

आन मग येका लग्नात काय झालं, त्या जागी मास्तरच थांबले. क्लॅरनेट तोंडातनं काढली, खांद्यावरचा पंचा घेतला आन तोंड पुसाय लागले. सूर तसाच अधांतरी. मी घाबरलो. वाटलं, म्हाताऱ्याचा दम तुटला, आता चारचौघात हसं हुनार. डोळं मिटलं आन फुकलं. निघाला की वो सूर! म्होरल्या लग्नात पुन्यांदा तसंच. त्यो सूर आला की मास्तर पंचा काढायचे, तोंड पुसत पुसत माझ्याकडं बगायचे, आन मी फुकायचो. मला लय वाईट वाटायचं त्येंचं. आन खरं सांगू का, वाईट वाटता वाटता मला चरबी बी चढली. चहाच्या गाड्यावर हळूच सांगायचो, "कुनाला सांगू नका, पन मास्तरांचा दम गेलाय. मी हाय म्हनून ब्यांड चाललाय." कुनाला सांगू नका म्हनून म्या निम्म्या तालुक्याला सांगितलं असंल.

हे कुठनंतरी सातारच्या शेठच्या कानावर गेलं. त्येंचा ब्यांड म्हंजे काय इचारू नका. चाकाची गाडी, तिच्यावर दिवं, पेटीसारखं ते दाबून वाजवायचं, ह्ये मोठं कर्ने, आन वाजवनाऱ्याला बूट. आमच्याकडं चपला, त्या बी ज्येच्या त्येच्या. शेठ इस्लामपुरात मला भेटले आन म्हनले, "किती दिवस दुसऱ्याच्या उजव्या हाताला उभा ऱ्हानार तू? आमच्यात ये. पयल्या नंबरला वाजव, गाडीवर चढून, मायकात." मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"जावा की," ती म्हनली. "तुमाला कुनी बोलावलंय हेच नवल."

"पन मी गेलो तर मास्तरांचा लांब सूर कोन फुकनार?"

"मग नका जाऊ."

"पन गाडी हाय गं. बूट हायत."

"मग जावा."

"मास्तरांचं भर लग्नात हसं हुईल..."

"अंगनात जाऊन ठरवा. मला भाकरी करू द्या."

महिनाभर मी अंगनातच हुतो म्हना. मास्तरांस्नी सोडावं तर जीव तुटायचा, न जावं तर झोपंत बूट दिसायचं. शेवटी माझ्यासारख्या मानसानं करायचं तेच केलं, दोन्हीकडं व्हय म्हनलो. वाईला येक लग्न हुतं, शेठ म्हनले येकदा वाजवून बग. त्या दिवशी आमचा ब्यांड मोकळा हुता. पन आदल्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, अचानक काम निघालंय, उद्या ये. मी पळत गेलो. "मास्तर, जमायचं न्हाई वो. सासरा लय आजारी हाय." मास्तरांनी माझ्याकडं जरा येळ बगितलं. म्हनले, "काळजी घे त्येंची." यष्टीत बसलो आन कराडच्या पुढं गेल्यावर मला आटवलं, सासरा जाऊन तीन वर्सं झाली. मास्तर त्येच्या मातीला माझ्या शेजारी उभं हुतं.

वाईत शेठनी मला निळा कोट दिला, बूट दिलं, गाडीवर चढवलं. बूट येक नंबर ल्हान, पन मी राजावानी उभा. घाटाकडच्या बोळात वरात शिरली आन समोरनं दुसरी वरात आली. बोळ अरुंद, दोन्ही वराती अडल्या. दोन्हीकडची मानसं वरडाय लागली, वाजवा, वाजवा, आमीच आदी जानार! मी वरनं बगितलं. लाल कोट. चपला. संभाचा ढोल. इस्लामपूरचा नवरा वाईत लग्नाला आलेला, आन त्येनं आपला ब्यांड बरोबर आनलेला. मास्तर सगळ्यात म्होरं. उजव्या हाताला माझी जागा मोकळी. म्या टोपी नाकापातुर वढली.

आमच्या गाडीवर नवीन गानं चाललं हुतं. खाली मास्तरांनी ती ठरलेली चाल धरली. पयलं कडवं झालं. दुसरं लागलं. आता ती जागा यील, आता मास्तर थांबतील, आता सगळ्या वाईसमोर म्हाताऱ्याचं हसं हुईल, आन ते माझ्यामुळं... जागा आली. आन मला काय झालं कुनाला ठावं, डोळं मिटलं आन फुकलं. शेठचं गानं येक, माझा सूर येक. आन त्यो बी मायकात! कृष्णेच्या पल्याड ऐकाय गेला असंल.

पन डोळं उघडलं तर खाली मास्तर थांबलेच नव्हते. पंचा खांद्यावर तसाच. क्लॅरनेट वर उचललेली, आन सूर काढलाय, भरलेला, गोल, माझ्यापेक्षा लांब. माझा दम संपला, मी हाशहूश करत थांबलो, तरी त्येंचा चाललाच हुता. बोळातली मानसं वरडायची सोडून ऐकाय लागली. मास्तरांनी सूर सावकाश खाली ठेवला, दमले बी न्हाईत. मग वर माझ्याकडं बगितलं... आन पंच्यानं तोंड पुसलं.

म्होरल्या वळनावर शेठनी मला गाडीवरनं उतरवलं. कोट काढून घेतला, बूट काढून घेतलं. माझ्या चपला गाडीतच गेल्या. भर दुपारी मी वाईच्या रस्त्यावर बनेलात आन अनवानी. मागनं आमची वरात आली. मास्तर आले, संभाला खूण केली. संभानं पिशवीतनं माझा लाल कोट काढला. सकाळी निघतानाच मास्तरांनी घ्यायला लावला हुता.

"सासरा कसा हाय?" मास्तरांनी इचारलं.

"आता बरा हाय, मास्तर."

"मग घाल कोट. मांडव आला."

येताना टेंपोत मी सारका त्येंच्याकडं बगत हुतो. शेवटी इचारलंच, "मास्तर, तुमचा दम तर घोड्यावानी हाय. मग इतकी वर्सं तिथं थांबत का हुता?" मास्तर म्हनले, "लग्नात तोंड पुसायला दुसरा येळ कवा मिळतो रं?" आन खिडकीतनं ऊस बगाय लागले. तवा मला कळलं कोन कुनाला संबाळत हुतं. आन चहाच्या गाड्यावर म्या काय काय बोललो हुतो त्ये बी आटवलं. मास्तर त्याच गाड्यावर रोज चहा प्यायचे.

आठ दिवसांनी शेठचा पुन्यांदा फोन. म्हनले, "येड्या, गानं बिघडवलंस, पन त्यो सूर लय भारी हुता. ये तू, पक्का ये." आता खरी पंचाईत. आदी मास्तरांची कीव येत हुती म्हनून पाय निघत न्हवता, आता त्येंचं माझ्यावाचून काईच अडत न्हाई हे सगळ्या वाईनं ऐकलेलं. मी जाऊन सांगितलं. मास्तर म्हनले, "जा की. बूट मात्र मापाचं माग."

"तुमचं कसं हुईल?"

"माझं काय? मला फुकाय येतंय."

म्या दोन दिवस इचार केला, ह्या खेपेला अंगनात नव्हे, वड्याच्या कडंला बसून. साताऱ्यात लांब सूर मला मिळालाच असता, मायकात मिळाला असता. पन तिथं डाव्या अंगाला तोंड पुसत माझ्याकडं बगनारं कोन हुतं? तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या वट्यावर जाऊन बसलो. मास्तरांनी आत हाक मारली, "चहा येक वाढव. सासरा बरा झाला ह्येचा." चाचीला काई कळलं न्हाई. चहात साखर मात्र लय हुती.

जायच्या आदी दोन महिने मास्तर अंथरुनात हुते, तवापासनं त्येंची जागा मोकळी हाय. गेल्यावर बी आमी रांगेत तेवढी जागा सोडूनच चालतो, कुनी तसं ठरवलं न्हाई. गानं सुरू झालं की पयल्या ओळीपासनं क्लॅरनेट न्हाई हे कानाला टोचतं. कडवंभर टोचत ऱ्हातं. पन मग ती चाल येती, दुसरं कडवं येतं, ती जागा येती... आन टोचायचं थांबतं. तिथं इतकी वर्सं क्लॅरनेट नव्हतीच न्हवं. तिथं मास्तर तोंड पुसायचे. तेवढ्या सुरापुरते ते गेलेलेच न्हाईत. हायत डाव्या अंगाला, पंचा हातात हाय, माझ्याकडं बगत्यात. म्हनून मी त्यो सूर लवकर सोडत न्हाई. संभा मागनं वरडतो, "आरं सोड की, नवऱ्याला घोड्यावरनं उतरायचंय!" उतरंल की. दम हाय तवर थांबू दे त्येला जरा.